एक मिनिट पन्नास सेकंदांची आघाडी

"निळं आलं की झालं," सर्जेराव म्हणाले. "चार दिस रोज त्येंचाच गडी पयला. कारखान्याचं विलेक्शन बिनविरोध व्हावं तसं. बघायचं काय त्यात?"

"आबा, त्या निळ्या जर्सीवाल्या संघाकडं पैसा किती, आपल्याकडं किती," सुकन्या सासऱ्यांना म्हणाली. तिचं लक्ष रस्त्याच्या वळणाकडं होतं.

सायकलींची शर्यत इंदापूरहून बारामतीला निघाली होती. लासुर्ण्यात रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी होती. सुकन्याचा नवरा सुयोग शर्यतीत होता, एका छोट्या संघातून. एखादा टप्पा जिंकला तरच पुढच्या वर्षी त्याला संघात जागा मिळणार होती, आणि आजचा धरून दोनच टप्पे उरले होते. तिच्या कुशीतलं बाळ दीड महिन्याचं. परदेशी सरावावरून थेट शर्यतीत आलेल्या सुयोगनं ते अजून फोनवरच पाहिलेलं.

फटफटीवरून एकजण पाटी धरून गेला. पाटीवर एकच नंबर, सत्तेचाळीस. आघाडी, एक मिनिट पन्नास सेकंद.

"आबा, ह्यांचाच नंबर! एकटेच पुढं आहेत!"

शिट्ट्या सुरू झाल्या. शेजारच्या कुशाबाईनं पदर खोचला. "आता घावतंय व्हय निळ्यास्नी!"

सर्जेराव फोनवर शर्यत लाइव्ह बघत होते; त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. "मागं गप्पा हाणत्यात बघ निळं. गुर्मी केवढी!"

सुकन्याला मात्र वेगळीच काळजी. बाळ दिसलं की सुयोगची मान वळणार. वेग जाणार, नाहीतर पडणारच. ती मागं सरकली, उसाच्या ट्रॉलीआड गेली आणि बाळाच्या तोंडावर शाल ओढली.

"अगं, दाव की त्येला पोर!" सर्जेराव ओरडले.

"नको आबा. बारामतीत बघतील, जिंकल्यावर."

सुयोग आला. "पळ, पळ!" सगळा रस्ता ओरडत होता. पण त्याचा वेग कमी झाला. त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग तो चक्क खाली उतरला.

"चाक गेलं का काय?" कुशाबाई म्हणाली.

सुकन्या ट्रॉलीआडून धावत आली. "अहो, थांबलात कशाला? जा ना! निळे येतील!"

"येऊ देत," सुयोगनं हसत दोन्ही हात पुढं केले. "त्यांच्याच कॅप्टननं सगळ्यांना हळू चालवायला लावलंय. मला म्हणाला, तुझं गाव आलं, पुढं जा, बाळाला बघून ये."