निरोपाची जेवणं

शेजारच्या जयमालाकाकूंनी चेतनच्या ताटात मटणाचा रस्सा पुन्हा वाढला आणि त्याला ठसका लागला. जेवण निरोपाचं होतं. निरोप त्याचाच होता. अडचण एवढीच, की जायचं अजून ठरलंच नव्हतं.

तमिळनाडूतल्या होसूरच्या एका कंपनीनं त्याला सुपरवायझर म्हणून बोलावलं होतं. सोमवारपर्यंत विचार करून कळवा, असं तिथले साहेब म्हणाले होते. चेतननं ही गोष्ट फक्त घरात सांगितली, म्हणजे बायको प्रज्ञाला आणि आई चांगुणाबाईंना. आईला सांगितलेली गोष्ट घरात राहते असं त्याला का वाटलं, ते त्यालाच ठाऊक. दिवेलागणीच्या आत चांगुणाबाई नगरच्या छावणीलगतच्या भिंगारमधली आपली अख्खी गल्ली फिरून आल्या. आमचा चेतन चाललाय होसूरला, असं दारादारात सांगून आल्या.

आणि त्या गल्लीची रीतच अशी, की कुणी गाव सोडून निघालं तर घराघरानं त्याला जेवू घालायचं आणि रिकाम्या हातानं धाडायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून आमंत्रणं सुरू झाली. कपाटात टॉवेल-टोप्यांची थप्पी लागली. प्रज्ञाला साड्या मिळाल्या. त्यातली एक तर तिनंच मागं कुणाला तरी नेसवलेली होती. अजून नक्की काही नाही, असं चेतन प्रत्येक पंगतीला सांगायचा. लोकांना वाटायचं, पोरगा नम्र आहे. ते आणखी एक भाकरी वाढायचे.

खरं म्हणजे चेतनला जायचं होतं. फार जायचं होतं. नगरच्या एमआयडीसीत एकाच मशीनपुढं उभं राहून त्याची चाळिशी आली होती. ज्यांना त्यानं काम शिकवलं, ती पोरं आता त्याच्या रजेच्या अर्जावर सह्या करत होती. प्रज्ञाचीही तयारी होती. पाय निघत नव्हता तो आईपायी. चांगुणाबाईंचे हात कापायचे. दोनदा उकळतं दूध अंगावर सांडलं, तेव्हापासून डॉक्टरांनी त्यांना गॅसजवळ जायला बंदी केली होती. त्यांना इथं ठेवावं, तर दोन वेळचं करून कोण घालणार? बरोबर न्यावं, तर होसूरला त्या बोलणार कुणाशी? सकाळी दाराशी बसली की दूधवाल्यापासून लष्करातल्या जवानापर्यंत कुणालाही चार शब्द बोलल्याशिवाय पुढं न सोडणारी बाई. ती तिथं कुठल्यातरी चौथ्या मजल्यावर भिंतीकडं बघत बसेल.

चांगुणाबाई मात्र लग्नघरी आल्यासारख्या जेवत होत्या. आणि घरी परतल्या की नावं ठेवत होत्या. गोजरबाईची भाकरी जाड. अमृतच्या बायकोचा हात मिठाला सैल. गहिनीनाथाच्या घरी हाताला चव आहे, पण पानं वाढायला फार उशीर. प्रज्ञाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ज्यांचं खाल्लं त्यांनाच नावं ठेवायची म्हणजे काय? चेतनला त्यात वेगळंच दिसत होतं. आई गल्लीची चव शेवटची जिभेवर साठवून घेत होती. लेकाच्या भल्यासाठी मुकाट्यानं निघायला तयार झाली होती.

म्हणूनच रविवारी दुपारी जयमालाकाकूंकडे आईनं रस्सा वाटीनं पिऊन वर बोटं चाटली, तेव्हा चेतननं हातातला घास ताटात परत ठेवला. त्यानं तिथंच मनाशी ठरवून टाकलं. नोकरी गेली खड्ड्यात. आणखी एक टॉवेल आणि आणखी एक टोपी घेऊन तो घरी आला आणि चप्पल न काढताच उंबऱ्यात उभा राहिला.

"आई, मी उद्या नाही म्हणून कळवतोय."

प्रज्ञाला आधी होसूर आठवलं, मग कपाट. एवढ्या घरचं खाऊन जायचंच नाही, म्हणजे उद्यापासून गल्लीत तोंड कुठं लपवायचं? साड्या एक वेळ परत करता येतील, मटण कसं परत करणार? पण नवऱ्याचे डोळे भरलेले बघून तिनं टॉवेल-टोपी त्याच्या हातातून काढून घेतली.

चांगुणाबाईंनी कारण विचारलं. तू तिथं रमणार नाहीस, असं त्यानं सांगितलं.

"मी कुठं येतीया?" चांगुणाबाई म्हणाल्या.

चेतन एकदम चिडला. मायेचं माणूस चिडतं तसा चिडला. इथं एकटी राहून खाणार काय, असं त्यानं विचारलं. डॉक्टर काय म्हणाले ते विसरलीस का, असंही विचारलं. वारा खाऊन जगणार आहेस का, इथपर्यंत तो गेला.

चांगुणाबाईंनी पदरानं डोळे पुसले. हात नेहमीसारखेच कापत होते, आवाज मात्र त्यांनी कापू दिला नाही.

"सकाळचं जयमालाकडं, रातचं गोजरबाईकडं. दोघी बी व्हय म्हणल्यात. आरं लेकरा, निरोपाचं तुमी जेवला. मी खानावळ बघत हुते."