भिमाचा वस्तरा

भिमा न्हाव्याच्या वस्तऱ्याला धार म्हणून नव्हतीच. त्याच्यापुढं बसलं की उत्रोलीतल्या भल्याभल्या मिशावाल्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि ते भिमाला शिव्या घालत धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचे.

आनंदरावांची ठकुबाई गेली. बायको मेली तर पुरुषानं दुसरी बघावी, रडू नये, ही आमच्या गावाची अक्कल. म्हणून पंचवीस वर्षांचा संसार मोडलेले आनंदराव नऊ दिवस कोरड्या डोळ्यांनी बसून राहिले, आणि चुलते त्यांना विंझरची एक पोरगी कामाला किती वाघीण आहे ते सांगत राहिले.

दहाव्याला नदीकाठी आनंदराव भिमापुढं बसले. चुलत्यांसकट सगळं गाव बघत होतं. भिमानं दाढी भिजवली आणि हळूच म्हणाला, "आण्णा, आज घोर नगं. तुमच्यासाठनं भोरला पायी जाऊन धार लावून आणलीया. डोळ्यात टिपूस यायचा न्हाई."

आनंदरावांनी एकवार मागं चुलत्यांकडं पाहिलं. मग भिमाच्या कानाशी वाकले.

"गाढवा, हितं दगडं लई हाईत. आदी त्येच्यावर घासून धार मोड, मंग मला हात लाव."