डॉ. प्रासोंग यांचा प्रभाव

नदीतली मासळी कच्ची खाल्ली की तिच्यातले किडे यकृतात घर करतात आणि पुढे कॅन्सर होतो, यावर थायलंडमधल्या खोन केन शहराच्या डॉ. प्रासोंग यांनी दोनशे शोधनिबंध लिहिले. टोकियोपासून जिनिव्हापर्यंतचे शास्त्रज्ञ त्यांचे दाखले देतात. त्यांचे वडील याच कॅन्सरने गेले. गावाकडची थोरली बहीण बुआलाई मात्र लिंबू पिळून, तिखट घालून कच्ची मासळी खातच राहिली.

"ताई, सगळं जग माझं ऐकतं गं!"

"जगाला आपल्या नदीतली मासळी मिळत नाही ना, म्हणून ऐकतं."

यंदा सोंगक्रानच्या सणाला ते गावी गेले, तर बुआलाई दारातूनच ओरडली, "अरे, तुझा नवा निबंध आरोग्यसेविकेनं चावडीवर समजावून सांगितला. आता अख्खं गाव तुझ्या शब्दावर चालतं!"

डॉक्टरांना भरून आलं. ते हात धुऊन चटईवर बसले.



ताईने ताटलीत कच्ची मासळी वाढली, शेजारी एक पांढरी गोळी ठेवली आणि म्हणाली, "या गोळीनं किडे मरतात, हे तूच शोधलंस ना? पूर्वी भीत भीत सणासुदीला खायचो, आता रोज करतो."