जरा मऊ स्प्रिंग

"पार बसल्यात," मेकॅनिक म्हणाला आणि काढलेल्या चारही स्प्रिंगा त्याने टेबलावर उभ्या केल्या. "डाव्या काय, उजव्या काय, सगळ्या सारख्याच."

"जुनी गाडी आहे, बसणारच," नवरा म्हणाला.

तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती आली होती धास्तीपोटी. एकवीस वर्षं जुनी ती स्पोर्ट्स कार घेऊन नवरा दर रविवारी शहराबाहेरच्या ट्रॅकवर एकटा जायचा, आणि संध्याकाळी दाराची बेल वाजेपर्यंत इकडे तिच्या जिवात जीव नसायचा. गेल्या महिन्यात तशाच एका गाडीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर भर वळणावर तुटला. चालवणारा अजून हॉस्पिटलात होता. रविवार काही सुटायचा नाही, तेव्हा निदान सस्पेन्शन तरी समोर उभं राहून बदलून घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं.

मेकॅनिकने तीन सेट दाखवले. तिसऱ्याच्या किमतीत आणखी एक जुनी गाडी आली असती.

"पहिलाच द्या, तोच परवडेल," नवरा म्हणाला. "पण ह्यात जरा मऊ स्प्रिंग येते का? फार दणके बसायला नकोत."

मेकॅनिकला हसू आलं. "ट्रॅकवाले सगळे कडक मागतात साहेब. मऊ मागणारे तुम्हीच एक."

"पाठ दुखते ना," नवरा खाली बघत म्हणाला.

तिला एकदम भरून आलं. पाठीचं त्याने घरी चकार शब्दाने सांगितलं नव्हतं. हा माणूस मुकाट्याने सोसतो आणि आपण रविवार आला की तोंड फुगवून बसतो, ह्याची तिला लाज वाटली.

"स्वस्तातला नको, मधला घाला," ती मेकॅनिकला म्हणाली. "मऊ स्प्रिंगवाला. फ्रिज आणखी वर्षभर ढकलू आम्ही."

नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं.

दुपारपर्यंत नवा सेट चढला. मग मेकॅनिकने चार चाकांसाठी चार चपटे वजनकाटे मांडले. कुठल्या चाकावर किती भार येतो ते बघून गाडीची उंची जुळवायची होती.

"ते राहू दे आज," नवरा घाईघाईने म्हणाला. "उशीर होतोय."

"काही राहू द्यायचं नाही," ती ठामपणे म्हणाली. "अर्धवट कामाच्या गाडीत मी तुम्हाला बसू देणार नाही."

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. "ऑफिसचा आहे," असं पुटपुटत तो पार रस्त्यापर्यंत गेला.

"रिकाम्या गाडीचं माप झालं," मेकॅनिक म्हणाला. "आता माणसं बसवून घ्यायचं. साहेब येईपर्यंत तुम्ही बसून घ्या, वहिनी. डावीकडे."

गाडी घेतली तेव्हा ती एकदाच तिच्यात बसली होती आणि घरी येऊन तिने उलट्या काढल्या होत्या. तेव्हापासून लांबूनच नमस्कार. पण आज कामाचं होतं. ती कशीबशी आत शिरली. पट्टा ओढून ओढून पोटावरून येईना. सकाळीच घरच्या काट्याने एकाहत्तर दाखवून तिचा मूड घालवला होता, त्यात हे. तिने ओशाळं हसून पट्टा सोडून दिला.

मेकॅनिक छोट्या स्क्रीनकडे बघत राहिला. मग त्याने फायलीतून एक तेलकट कागद काढला, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"काय झालं? काही बिघाड आहे का?" तिने घाबरून विचारलं.

"गाडीत नाही हो. गेल्या वर्षी साहेबांनी दोघांचं सेटिंग करून घेतलं होतं, रविवारी बाजूला तुम्ही असता म्हणून. त्यांनी ह्या कागदावर तुमचं वजन बावन्न लिहून दिलंय, आणि इथे येतंय एकाहत्तर. माझा काटाच चुकतोय बहुतेक, वहिनी."