चिचुंद्री

“बाय, तुज्या अल्या चिचुंद्री खातंय. लक्ष ठेव,” भिंतीपलीकडच्या ओट्यावरून कमळाबाई म्हणाली, तेव्हा अनुया हसली.

“मावशी, चिचुंद्री फांदीवर चढत नाही.”

“चढतंय गो. मी माज्या डोल्यांनी बघलंय.”

अनुयाने मान डोलावली आणि विषय सोडून दिला. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या बाईने शेजारणीशी चिचुंद्रीवरून काय वाद घालायचा? चिचुंद्री जमिनीवरची. भिंतीच्या कडेकडेने नाक हलवत जाणार, झुरळं नि किडे मटकावणार. जास्वंदीवर तिचं काय काम?

शिवाय अळ्या खऱ्या नव्हत्याच. मुलांच्या खेळण्यातल्या हिरव्या मातीच्या होत्या, अनुयाने स्वतः वळलेल्या. पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या मागे जास्वंदीचं कुंपण होतं, त्यावर तिने त्या लावल्या होत्या. किडे कोण खातं हे खाणारा काही येऊन सांगत नाही, पण मऊ मातीत त्याचा चावा राहून जातो. चोचीची खूण पाचरीसारखी उमटते. मुंग्यांची टाचणीने टोचल्यासारखी. बारीक करवत दिसली की समजावं, सरडा येऊन गेला. सई झाल्यापासून अनुया घरी होती. कॉलेजातल्या मित्राने, निनादने, हे काम तिच्याकडे दिलं आणि तिला पुन्हा माणसांत आल्यासारखं वाटलं.

काळजी तरी किती घ्यावी! पक्ष्यांना बाधू नये म्हणून तिने बिनविषारी माती शोधून आणली. डिंक पनवेलच्या उकाड्यात टिकेना, म्हणून प्रत्येक अळीतून बारीक तार ओवून ती फांदीला अडकवली. ती चोचीला लागू नये म्हणून दोन्ही टोकं आत वळवली. आणि सईच्या बाबतीत तर विचारूच नका. पाणी दोनदा उकळायचं. खेळणी रोज धुवायची. प्लगच्या भोकांनाही झाकणं. दात येत असल्यामुळे सई सारखी किरकिरायची, म्हणून कामाच्या वेळी तिला कुंपणापाशी शेजारीच चटईवर बसवायची. अगदी हाताच्या अंतरावर.

मग खालच्या फांद्यांवरच्या अळ्यांवर तो चावा दिसू लागला.

चार बोथट खाचा. दोन वर, दोन खाली. वरच्या दोन खाचांमध्ये फट. अनुयाच्या अंगावर शहारा आला. हे सरड्याचं नव्हतं, उंदराचंही नव्हतं. मग कुणाचं? तव्यावरची पोळी करपली, तरी ती मोबाइलवरचा फोटो मोठा करून बघत राहिली. शेवटी तो निनादला पाठवला.

दुसऱ्या दिवशी ती कुंपणापाशी उभी असताना त्याचा फोन आला.

“मॅडम, हे दात माकडाच्या कुळातले आहेत.”

“विचुंब्यात माकड? काहीतरीच काय!”

“मला नको सांगूस, दातांना सांग. छोटं असणार. पिल्लूबिल्लू.”

अनुयाने कुंपणाकडे पाहिलं आणि तिचे डोळे चमकले. कोपऱ्यातली एक फांदी रिकामी होती.

“निनाद, आज अख्खी अळी नेलीय! तारेसकट!”

“सकाळी होती?”

“आत्ता दहा मिनिटांपूर्वी होती!”

“मग ते तिथंच आहे. हलू नकोस. वर बघ.”

तिने वर पाहिलं. कुंपणाला लागून करंजाचं झाड होतं. त्याची एकेक फांदी, एकेक पान तिने नजरेने चाळलं. श्वाससुद्धा जपून घेतला. सगळं कसं शांत होतं. सईसुद्धा आज गुणी बाळासारखी गप्प होती, नाहीतर अशा वेळी ती हमखास भोकाड पसरायची.

“गो बाय!” ओट्यावरून कमळाबाई किंचाळली. “तुजी चिचुंद्री बघ!”

अनुयाने चटकन भिंतीच्या कडेला पाहिलं. “कुठेय?”

“ती नाय गो! तुजी! तुजी पोर!”

अनुया वळली. चटई रिकामी होती. कालपरवापर्यंत नुसती रांगणारी सई जास्वंदीच्या फांदीला लटकून दिमाखात उभी होती. गाल फुगलेला, ओठ घट्ट मिटलेले. आईने पाहिलंय म्हटल्यावर ती खुदकन हसली. वरच्या दोन दातांमधली फट हिरवीगार होती.

मोबाइल गवतात पडला. अनुयाने सईला पालथं धरलं आणि तोंडात बोट घातलं. मातीचा लगदा आला. आणखी आला. तार येईना. मग बोटाला काहीतरी बारीक, टणक लागलं. जिभेमागे टाळूला आडवी अडकलेली तार. तिने ती अलगद ओढून काढली. टोकं आत वळवलेली होती, म्हणून रक्ताचा थेंब नव्हता. पक्ष्यांसाठी वळवलेली टोकं.

सईने भोकाड पसरलं. तिच्या रडण्याने अनुयाला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

“कवाधरनं सांगतंय,” कमळाबाई भिंतीवरून वाकून पदराने घाम पुशीत म्हणाली. “पन तू म्हंतेस, चिचुंद्री चढत नाय.”

गवतातून निनाद विचारत होता, “सापडलं का गं? कोण आहे?”

पोरीला उराशी धरून अनुया तिथंच गवतात बसली.

तुमच्याही घरात अशी एखादी चिचुंद्री असेल. तुम्ही हे वाचताय तेवढा वेळ ती अगदी गुणी बाळासारखी गप्प असेल, तर हे राहू द्या. आधी उठा आणि तिला बघून या.