राणी की दाई

बगदादच्या संग्रहालयातून आलेला फोटो डॉ. हेमलता चाफेकरांनी आपल्याकडच्या पाटीच्या जुन्या फोटोशेजारी ठेवला. मातीच्या लेखपाटीचा तुटका तुकडा बरोबर जुळला. चार हजार वर्षांपूर्वीचा तो सुमेरी शब्द पूर्ण झाला, आणि तो ‘राणी’ नव्हता, ‘दाई’ होता.

तो शब्द ‘राणी’ असा वाचून लावलेल्या शोधावरच त्यांना प्राध्यापकपद आणि नाव मिळालं होतं. सतरा वर्षांपूर्वी निवास सनदी या विद्यार्थ्याने तिथे ‘दाई’ वाचलं, तेव्हा त्यांनी त्याचा प्रबंध नाकारला होता. आता तो मिरजेच्या एका शाळेत इतिहास शिकवत होता.

“निवृत्तीला आठ दिवस राहिलेत. आता कशाला उकरून काढताय?” विभागप्रमुख म्हणाले.

हेमलताबाईंनी चूक कबूल करणारा लेख छापायला पाठवला आणि मिरजेला फोन लावला.

“निवास, तू वाचलेलं बरोबर होतं. चुकले ते मी.”



“मॅडम, त्या दाईचं नाव मिळालं का?”

“नव्या तुकड्यावर आहे. पण झिजलंय, मला लागत नाही.”

“फोटो पाठवा,” तो म्हणाला. “मी बघतो.”