महागडं पिक

वाढदिवसाला बाबांना गिटार वाजवायचं महागडं पिक घेऊन द्यायचंच, असं ठरवून लेक त्यांना दुकानात घेऊन आली. तीस वर्षं गिटारच्या शिकवण्या केलेल्या मास्तरांना किंमत ऐकूनच घाम फुटला.

"एवढ्याशा टिकलीचे एवढे पैसे? एवढ्यात माझा अख्खा क्लास वर्षभर वाजवेल!"

"किंमत राहू द्या मास्तर, आधी ऐका तर," म्हणत दुकानदाराने एकच धून आधी साध्या पिकने वाजवली, मग महागड्याने.

मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. "छे! काडीचा फरक नाही. लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकता, झालं!"

दुकानदाराने पुन्हा वाजवलं. साधं पिक तारेवर दर वेळी टकटक करत होतं, महागड्याचा सूर मात्र अगदी स्वच्छ निघत होता. दारातून आत येणाऱ्या गिऱ्हाइकानेही थबकून मान वर केली.

"काय गं, तूच सांग. आहे का फरक?"

लेकीने दुकानदाराकडे पाहिलं. त्याने नजर खाली वळवली.

"नाही हो बाबा. दोन्ही सारखीच," ती म्हणाली.

पैसे वाचल्याच्या खुशीत मास्तर रस्त्याने पुढे चालू लागले. दोन पावलं मागून लेकीने फोन लावला.



"कानाच्या डॉक्टरांची वेळ हवी होती, माझ्या बाबांसाठी," ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, आणि मास्तर एकदाही मागे वळले नाहीत.